जलपरी बुडाली नव्हती: क्रीडा आणि मनोरंजन पानांच्या डेस्कला एक खुलं पत्र

क्रीडा आणि मनोरंजन पानांवर काम करणाऱ्या संपादक, उपसंपादक, बातमीदार आणि छायाचित्रकार मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

मी २२ वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. त्यातली १६ क्रीडा पानावर, उरलेली रंगीत पुरवणीत. मथळे चांगले देतो असं माझ्याबद्दल बोललं जायचं, आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकायला मला आवडायचं. हे पत्र त्यातल्या दोन मथळ्यांबद्दल आहे.

पहिला: ‘तेराव्या वर्षी पाण्यावर राज्य, नवी जलपरी अवतरली’. चार कॉलम, वर फोटो. नेहमीचा बातमीदार रजेवर होता म्हणून त्या दिवशी तरणतलावावर मीच गेलो होतो. शर्यत संपून अर्धा तास झाला होता. मुलगी अंग पुसून, जॅकेट घालून आईशेजारी बाकावर बसली होती. डोळ्यांभोवती गॉगलचे लाल वळ. आमच्या छायाचित्रकाराला पाण्यातला फोटो मिळाला नव्हता. “बाळा, एकदाच उतरतेस का परत? दोन मिनिटं फक्त.” तिने आईकडे पाहिलं, आईने प्रशिक्षकाकडे, प्रशिक्षकाने आमच्याकडे. उतरली बिचारी. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. पदक दातांत धर, हात वर कर, आता हस. तिचे ओठ निळे पडले होते. पान रंगीत होतं, पण छपाईत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरा मथळा चार वर्षांनंतरचा: ‘बुडालेली जलपरी’. निकालांच्या यादीत तिचं नाव दिसेनासं झालं होतं आणि रविवारच्या अँकरला, म्हणजे पानाच्या तळाशी जाणाऱ्या मोठ्या बातमीला, विषय हवा होता. तिच्याशी बोलणं झालं नव्हतं. एकदा फोन लावला, लागला नाही, तेवढ्यावर भागवलं. एका प्रशिक्षकाचं अर्धं वाक्य घेतलं, ‘लवकर मिळालेलं यश डोक्यात जातं’ अशी कुणा जाणकाराची टिप्पणी चौकटीत टाकली, आणि वर माझा मथळा. पान छपाईला सोडलं, घरी गेलो, जेवलो, झोपलो.

मी निवृत्त झालो त्याच्या आदल्या वर्षी तिचा फोन आला. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे डेस्कवर कुणीही कुणाला फोन करू नये अशा वेळी. आता ती सव्वीस वर्षांची होती. नोकरीच्या मुलाखतीला जाईल तिथे समोरचा माणूस आधीच तिचं नाव इंटरनेटवर शोधून आलेला असतो आणि फार सहानुभूतीने विचारतो, “मग तेव्हा नेमकं काय झालं होतं?” ती बातमी साइटवरून काढता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी धोरण, अर्काइव्ह असं काहीतरी पुटपुटलो. ती थोडं थांबून म्हणाली, “सर, मी बुडाले नव्हते हो. मी पोहणं थांबवलं होतं.”

त्या रात्री एका साध्या निकालाच्या बातमीला मला मथळा सुचेना.

मित्रांनो, आपल्या डेस्कवरची भाषा जरा कान देऊन ऐका. आपल्याकडे माणूस उदयाला येतो, झळकतो, तळपतो, आणि मग मावळतो, विझतो, काळाच्या पडद्याआड जातो. सगळी क्रियापदं आकाशातली. बँकेतल्या माणसाने नोकरी सोडून दुसरं काही धरलं तर तो ‘कोसळला’ असं आपण लिहीत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला पहाटे साडेचारला उठायचा कंटाळा आला, तिला वेगळं काही शिकावंसं वाटलं, तर मात्र तिला ‘बुडवल्याशिवाय’ आपलं पान लागत नाही. वर गेलेला माणूस खालीच आला पाहिजे, असा आपल्या बातम्यांचा कायदा आहे. (तसं पाहिलं तर तारा कधी पडत नाही, पडते ती उल्का. पण हे सांगणारा विज्ञान पानावर बसतो आणि त्याला विचारतो कोण.)

यशाची किंमत म्हटलं की आपण पालकांकडे बोट दाखवतो, नाहीतर प्रशिक्षकांकडे, फार तर संघटनांकडे. त्यांच्याबद्दल लिहायला पुष्कळ आहे आणि पुष्कळ लिहिलंही गेलं आहे. मी इथे फक्त आपल्या वाट्याचं बोलतोय. मूल लहानपणी चमकतं तेव्हा त्याच्याभोवती आपण एक गोष्ट विणतो, आणि पुढे त्या मुलाची नैसर्गिक वाढ त्या गोष्टीत बसत नाही, म्हणून वाढीलाच घसरण म्हणतो. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

शब्दशः वाढ म्हणतोय मी. तेरा-चौदाच्या आसपास मुलाचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज फुटतो. बालगायक म्हणून घराघरांत पोचलेला मुलगा वर्षभर धड वरच्या पट्टीत नसतो की खालच्या. त्याने त्या काळात गप्प बसणं शहाणपणाचं, पण आपण लिहितो, ‘तो गोड गळा हरवला कुठे?’ जिम्नॅस्टिक्समधली मुलगी वयात येते, उंची आणि वजन वाढतं, शरीराचा तोल बदलतो, हवेत फिरण्याचं जुनं गणित नव्याने मांडावं लागतं. पोहणाऱ्या मुलींच्या वेळाही त्याच वयात अडकतात, कधी वर्ष-दोन वर्षं. यात कुणी चुकलेलं नसतं. ‘फॉर्म हरपला’ म्हणून आपण जे छापतो, ते बऱ्याचदा निव्वळ वयात येणं असतं.

नादिया कोमानेचीचं उदाहरण आपण सगळेच देतो. मॉन्ट्रियल, जुलै १९७६, वय १४, ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समधले पहिले पैकीच्या पैकी १० गुण. गुणफलकावर दहाचा आकडा दाखवायची सोयच नव्हती, म्हणून तिथे १.०० उमटलं. त्या स्पर्धेत तिने सात वेळा दहा मिळवले. हा १.०० मी निदान तीनदा तरी चौकटीत वापरला असेन, गोष्टच तशी सुरेख आहे. पण तिचा पुढचा भाग कधी वापरला नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये ती रात्रीच्या अंधारात पायी सीमा ओलांडून रोमानियातून हंगेरीत गेली आणि तिथून अमेरिकेत पोचली. १९७६ मध्ये जिच्यावर जगभरचे बातमीदार लुब्ध होते, तिच्या सुटकेपेक्षा तिच्या सोबत आलेल्या विवाहित माणसाची आणि तिच्या मेकअपची चर्चा आता जास्त झाली. अठ्ठावीस वर्षांची बाई चौदा वर्षांच्या मुलीसारखी दिसत नव्हती, हा तिचा गुन्हा. कोमानेचीनंतर या खेळात लहानखुऱ्या मुलींचीच चलती झाली, आणि अखेर १९९७ पासून मोठ्या स्पर्धांसाठी त्या वर्षात १६ पूर्ण करण्याची अट आली.

टेनिसमध्येही असाच नियम एका मुलीच्या पायी आला. जेनिफर कॅप्रियाती मार्च १९९० मध्ये व्यावसायिक खेळाडू झाली तेव्हा तिला चौदा पूर्ण व्हायला काही आठवडे बाकी होते, आणि पहिल्याच स्पर्धेत तिने अंतिम फेरी गाठली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्टेफी ग्राफला हरवून सुवर्ण. मग थकवा, खेळापासून लांब जाणं, आणि मे १९९४ मध्ये गांजा बाळगल्याबद्दल अटक. पोलिसांनी काढलेला तिचा फोटो जगभर छापला गेला. सुजलेले डोळे, नाकात नथनी, वय १८. तो फोटो आजही शोधून बघा, सुवर्णपदकाच्या फोटोइतकाच सहज सापडतो. टेनिसने १९९५ पासून कोवळ्या मुलींनी वर्षात किती स्पर्धा खेळाव्यात यावर मर्यादा घातल्या आणि लोक त्याला ‘कॅप्रियाती नियम’च म्हणू लागले. ती स्वतः परत आली, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपन जिंकली, जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. तेव्हा आपण लिहिलं, ‘राखेतून उठली’. म्हणजे आधी जाळलं होतं हे आपल्यालाच मान्य होतं.

खेळांनी नियम बदलले, उशिरा का होईना. आपण काय बदललं?

१७ फेब्रुवारी २०२२ ची रात्र आठवा, बीजिंग हिवाळी ऑलिंपिकची. कमिला वालियेवा, वय १५, फिगर स्केटिंग. आदल्या डिसेंबरमधल्या तिच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडल्याचं स्पर्धा सुरू असतानाच बाहेर आलं होतं. तिला खेळू द्यायचं की नाही यावर लवाद बसला, तिला परवानगी मिळाली, आणि लघु कार्यक्रमानंतर, म्हणजे पहिल्या फेरीनंतर, ती पहिली होती. शेवटच्या कार्यक्रमात ती पुन्हा पुन्हा पडली, चौथी आली. बर्फावरून बाहेर पडताच कॅमेरा तिच्या चेहऱ्यापासून हलला नाही. प्रशिक्षक तिला ‘का सोडून दिलंस’ असं विचारत होती, तेही माइकने टिपलं. दुसरीकडे रौप्य मिळालेली अलेक्सांद्रा त्रुसोवा रडून संतापून पदक समारंभाला जायला तयार नव्हती. आणि सुवर्ण जिंकलेली १७ वर्षांची अॅना श्चेर्बाकोवा हातात खेळणं घेऊन एकटीच बसली होती. तिला मिठी मारायला कुणी मोकळं नव्हतं. जिंकली तरी एकटी, हरली तरी कॅमेऱ्यासमोर.

आमच्या डेस्कवर त्या रात्री वाद झाला तो कोणता फोटो मोठा लावायचा यावर. फोटो लावू का, यावर नाही. वालियेवाचा, चेहरा झाकून रडतानाचा, चार कॉलम गेला. डोपिंगची बातमी द्यायलाच हवी होती, त्यात शंका नाही. पुढे लवादाने तिला चार वर्षांची बंदीही घातली. पण पंधरा वर्षांच्या मुलीचा हुंदका त्या बातमीत काय माहिती भरत होता? २०२२ च्याच जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर न्यायचं ठरवलं. आमच्याकडे ती बातमी सहा ओळींत गेली. माझ्याच हातून.

आता तुम्ही म्हणाल, प्रश्न विचारणं हे आपलं कामच आहे. आहे. टेनिसपटू नाओमी ओसाकाने २०२१ मध्ये फ्रेंच ओपनच्या पत्रकार परिषदांना येणार नाही म्हणून सांगितलं, तिला १५,००० डॉलर दंड झाला, चारही ग्रँडस्लॅमच्या आयोजकांनी मिळून हकालपट्टीचा इशारा दिला, आणि ती स्पर्धा सोडून गेली. तेव्हा मी आपल्याच बाजूने तावातावाने बोललो होतो. आजही मला वाटतं की मोठ्या खेळाडूने प्रश्नांपासून कायमची सुटका मागणं बरोबर नाही. प्रश्न बंद झाले की उरतात फक्त जाहिराती. पण २३ वर्षांची, चार ग्रँडस्लॅम जिंकलेली बाई निदान नाही म्हणू शकली. तरणतलावाच्या काठावरची तेरा वर्षांची मुलगी आईकडे बघते, आणि आई प्रशिक्षकाकडे.

आणि प्रश्न विचारायचेच असतील तर ते कुणाला, हाही मुद्दा आहे. अमेरिकेतल्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरकडून वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण होत होतं. ते उघड करण्यात मोठा वाटा होता ‘इंडियानापोलिस स्टार’ या वर्तमानपत्राचा. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी छापलं की संघटना प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारी दाबते आहे. ते वाचून रेचेल डेनहॉलँडर हिने त्यांना लिहिलं, आणि मग डॉक्टर लॅरी नासरचं प्रकरण बाहेर आलं. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून जास्त स्त्रियांनी न्यायालयात उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. या मुली काही अज्ञात नव्हत्या. त्यातल्या कित्येकींचे हसरे फोटो जगभरच्या क्रीडा पानांवर येऊन गेले होते. वर्षानुवर्षं माइक त्यांच्याच तोंडासमोर होता, फक्त प्रश्न ‘कसं वाटतंय?’ असायचा. कागदपत्रं मागवून संघटनेला प्रश्न विचारले ते शोधपत्रकारिता करणाऱ्यांनी. त्यांचा आणि आपला धंदा एकच, म्हणून हे लिहितोय. आपल्याला जमणारच नाही असं ते काम नव्हतं.

मनोरंजन पानावर मी कमी वर्षं होतो, पण पापं तिथेही जमली. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकन गायिका ब्रिटनी स्पीअर्सने स्वतःचे केस भादरले तो फोटो मी पुरवणीत लावला होता. खाली कॅप्शनमध्ये विनोद होता, तो इथे पुन्हा छापत नाही. पुढच्या वर्षी तिचे पैसे आणि तिचं आयुष्य कायद्याने इतरांच्या, मुख्यतः वडिलांच्या, ताब्यात गेलं ते थेट नोव्हेंबर २०२१ पर्यंत. त्या तेरा वर्षांत ती गात होती, दौरे करत होती, फक्त स्वतःचे निर्णय घेऊ शकत नव्हती. ‘वेडी झाली’ हे जगाला पटवायला जे फोटो उपयोगी पडले, त्यातला एक माझ्या पानावर होता. माझं पान तिच्यापर्यंत कधी पोचलं नसेल हे मला कळतं. पण लावला मीच.

पैशांच्या बाबतीत मुलांसाठी थोडंफार झालं आहे. १९२१ साली चार्ली चॅप्लिनबरोबर पडद्यावर आलेला जॅकी कूगन लाखो डॉलर कमावून मोठा झाला आणि सज्ञान झाल्यावर त्याला कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी बहुतेक सगळे उडवले. त्याच्या खटल्यानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. आज तिथे बालकलाकाराच्या कमाईतले १५ टक्के वेगळे ठेवावेच लागतात. भारतातल्या २०१७ च्या नियमांत तर किमान २० टक्के मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकायला सांगितले आहेत, आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. चांगलंच आहे. पण मुलाच्या नावातला, चेहऱ्यातला किती टक्के हिस्सा त्याच्यासाठी राखून ठेवायचा, हे कुठल्याच नियमात नाही. तो आपण पहिल्याच दिवशी शंभर टक्के खर्च करतो.

काहीच करता येत नाही असं मात्र म्हणू नका. दक्षिण कोरियात सुल्ली (वय २५) ऑक्टोबर २०१९ मध्ये गेली, तिची मैत्रीण गू हारा (वय २८) पुढच्याच महिन्यात. दोघी पॉप गायिका, दोघी कोवळ्या वयात प्रसिद्ध झालेल्या, दोघींच्या बातम्यांखाली वर्षानुवर्षं गरळ ओकली जात होती. तिथल्या दाउम या पोर्टलने त्याच ऑक्टोबरअखेर मनोरंजनाच्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया बंद केल्या, नेव्हर या सर्वांत मोठ्या पोर्टलने मार्च २०२० मध्ये, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये खेळाच्या बातम्यांखालच्याही थांबवायचं ठरवलं. प्रतिक्रिया म्हणजे क्लिक, क्लिक म्हणजे पैसा, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी केलं. दोन जीव गेल्यावर केलं, हेही खरं.

माझं मागणं फार नाही. सोळा वर्षांखालच्या मुलाला टोपणनाव देऊ नका. जलपरी नको, वंडरबॉय नको, कुणाचा ‘वारसदार’ तर अजिबात नको. नाव, वेळ, धावा, गुण लिहा, तेवढं पुष्कळ असतं. हरलेल्या मुलासमोर लगेच माइक धरू नका, आधी त्याला घरच्या कुणाला तरी भेटू द्या. रडणाऱ्या मुलाचा फोटो डेस्कवर आला तर डेस्कवरच राहू द्या. रिअॅलिटी शोमध्ये मूल बाहेर पडताना कॅमेरा आईच्या डोळ्यांवर जातो आणि मागे संथ व्हायोलिन वाजतं, त्याची क्लिप आपल्या साइटवर चढवू नका. त्यांचा कार्यक्रम त्यांच्यापाशी. आणि ‘आज कुठे आहेत?’ ही मालिका कृपा करून बंद करा. ज्याला सांगायचं असेल तो येऊन सांगेल. ज्याने शाळा-कॉलेज करून, नोकरी धरून सुखाने दिवस काढलेत, त्याला शोधून काढून ‘विस्मृतीत गेलेला’ म्हणून परत बाजारात उभं करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? तो विस्मृतीत गेलेला नसतो. त्याच्या घरच्यांना तो रोज आठवतो.

एक गोष्ट मात्र मोठी मागतोय. अठराच्या आतल्या माणसाबद्दल आपण जे छापलं, ते काढून टाकावं किंवा निदान शोधयंत्रांच्या यादीतून हटवावं अशी विनंती त्या माणसाने मोठेपणी केली, तर ती ऐकायला प्रत्येक साइटवर कुणीतरी असावं. न्यायालयात जाऊन भांडावं लागू नये. अर्ज करावा, उत्तर मिळावं. इतिहास पुसला जाईल अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी ‘बुडालेली जलपरी’सारख्या बातमीत इतिहास किती असतो ते एकदा वाचून बघावं. मी लिहिली आहे, मला माहीत आहे.

तिचा फोन ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी मी डिजिटलच्या मुलांना विचारलं होतं. ऑनलाइन आवृत्ती बघणारा मुलगा चांगला होता, त्याने लगेच आकडे उघडून दाखवले. “सर, याला अजून व्ह्यूज येतात. काढायला वरून सांगावं लागेल.” वरून कुणी सांगितलं नाही. मीही दोनदा मेल केला, तिसऱ्यांदा केला नाही. मग निरोप समारंभ झाला, नारळ मिळाला, आणि मी घरी बसलो. काल रात्री लिंक उघडून पाहिली. चालू आहे. फोटोत ती पाण्यात आहे आणि हसते आहे.

बातमी काढणं शक्यच नसेल तर निदान मथळा तरी बदला. नवा मी करून दिला आहे: ‘सतराव्या वर्षी स्पर्धात्मक पोहणं थांबवलं’. दोन कॉलमांत, दोन ओळींत बसतो. अक्षरं मोजून पाहिली आहेत.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक